तुमचे प्रश्न : रेकॉर्डची कव्हरं, काउंटरपासून रॅकपर्यंत

गेल्या अंकात जुन्या रेकॉर्ड्सच्या कव्हरांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून सात निवडलेत. आधीच सांगून ठेवते, की मी गाण्यातली जाणकार नाही. गिरगावातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये पेस्ट-अपचं, म्हणजे छपाईआधी मजकूर-चित्रं कापून बोर्डावर चिकटवायचं, काम करत नोकरी काढली आणि पगारातून उरेल ते रेकॉर्ड्सवर घातलं. त्यामुळे उत्तरं राग-तालापेक्षा पुठ्ठा, शाई आणि खळीच्या अंगाने जातील.

प्रश्न : आजोबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) बऱ्याच रेकॉर्ड्स घरात आहेत. सगळ्या खाकी कागदी पाकिटात, मधे गोल भोक. पाकिटावर गायकाचं नाव नाही, चित्र नाही. एकावर तर चक्क सायकलच्या दुकानाची जाहिरात आहे. पाकिटं अदलाबदल झाली असतील का? — एक वाचक, सातारा

झाली असतील, पण बिघडलं काहीच नाही. ही पाकिटं मुळात कुठल्या एका रेकॉर्डची नव्हतीच. त्या काळी दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे आणि माल पलीकडे असायचा. तुम्ही गायकाचं किंवा नाटकाचं नाव सांगायचं, दुकानदार मागच्या फळीवरून रेकॉर्ड काढायचा, मशीनवर लावून ऐकवायचा, पसंत पडली तर बांधून द्यायचा. गिऱ्हाइकाने पाकीट बघून माल निवडण्याचा प्रश्नच येत नव्हता, मग चित्रावर पैसे कोण घालणार? पाकिटाची जागा दुकानदाराने स्वतःसाठी वापरली. पत्ता, हार्मोनियम दुरुस्ती, शिलाई मशीन, सायकली, आणि सुया! दर बाजूला सुई बदलावी लागे, त्यामुळे सुयांचा धंदा रेकॉर्डीइतकाच पक्का.

मधलं भोक लेबल वाचण्यासाठी. रेकॉर्डचा चेहरा म्हणजे ते लेबल. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराचं कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचं चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली विकत घेतलं, आणि पुढे आपल्याकडे 'कुत्रा छाप' म्हटलं की दुसरं काही सांगावं लागेना. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या घडवायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं ते कसं कळणार? म्हणून गाणं संपता संपता गायिका स्वतःच इंग्रजीत नाव सांगून मोकळी होई. सियालदहचा कारखाना १९०८मध्ये सुरू झाल्यावर हा फेरा वाचला.

गायकांचे फोटो कंपनीच्या छापील याद्यांमध्ये येत, पाकिटावर नाही. आणि ही साधी पाकिटं आपल्याकडे फार उशिरापर्यंत टिकली. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८च्या तबकड्यांवर निघाली. त्या घरी गेल्या त्याही भोकाच्या पाकिटातच. तुमची पाकिटं फेकू नका. तीन-चार आकडी टेलिफोन नंबर आणि बंद पडलेल्या दुकानांचे पत्ते इतरत्र सापडायचे नाहीत.

प्रश्न : मी उपयोजित कलेची विद्यार्थिनी आहे. रेकॉर्डचं चित्रमय कव्हर पहिल्यांदा कुणी केलं? आणि त्याचा आकार-बांधणी कुणी ठरवली? — एक विद्यार्थिनी, नाशिक

दोन्ही प्रश्नांना बऱ्याच अंशी एकच उत्तर आहे : अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस. न्यूयॉर्कचा पोरगा, जन्म १९१७चा. १९३९ साली कोलंबिया कंपनीत पहिला आर्ट डायरेक्टर म्हणून लागला. तेव्हा मोठी सिम्फनी चार-पाच तबकड्यांवर मावायची आणि तो संच जाड पुठ्ठ्याच्या वहीत बांधून मिळायचा. वही करड्या नाहीतर तपकिरी रंगाची, पाठीवर सोनेरी अक्षरं. दुकानात ओळीने उभ्या केलेल्या या वह्यांना धंद्यातले लोक 'थडगी' म्हणत. स्टाइनवाइसने वरिष्ठांना पटवलं, की यावर चित्र छापू, खर्च वाढेल पण खप वाढेल.

१९४०मध्ये रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्यांचा संच निघाला. त्यासाठी याने काय करावं? न्यूयॉर्कच्या इम्पिरियल थिएटरवाल्यांना गाठून दर्शनी पाटीवरची अक्षरं बदलून घेतली, दिव्यांत संचाचं नाव झळकवलं आणि रात्री त्याचा फोटो काढला. पुढे मात्र तो फोटोच्या फार नादी लागला नाही. सपाट रंग, भौमितिक आकार, हाताने काढलेली नागमोडी अक्षरं. ही कव्हरं लांबून दिसायची, आणि हाच मुद्दा होता, कारण अमेरिकेत तोवर गिऱ्हाईक स्वतः रॅकपाशी जाऊन माल चाळायला लागलं होतं. पाकिटाने आता दुकानदाराशी नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचं होतं. माझं मत विचाराल तर कव्हरांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना कुठलं चित्र नाही, काउंटर बाजूला होणं ही आहे.

आता बांधणी. १९४८च्या जूनमध्ये कोलंबियाने लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली. लाखेऐवजी व्हिनाइल, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. अडचण अशी, की ७८ची जाड खाकी पाकिटं या मऊ तबकडीला मानवेनात. थप्पी लावली की कागदाची घडी बारीक खाचांवर वळ उठवायची. पुन्हा स्टाइनवाइसकडे काम आलं. त्याने पातळ बोर्डाचं, तीन बाजू बंद असलेलं पाकीट बनवलं आणि वरून छापील कागद चिकटवला. तुम्ही आज जे साडेबारा इंची कव्हर हातात घेता ते तेच. कराराप्रमाणे त्याला त्यावरचे हक्क कंपनीला सोडावे लागले, हे प्रेसच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

अभ्यासासाठी एकच नाव घ्यायचं तर मी रीड माइल्सचं घेईन. १९५६ ते १९६७ या काळात त्याने ब्लू नोट कंपनीसाठी जॅझची शेकडो कव्हरं केली. कंपनी लहान, पैसे बेताचे. चार रंग परवडत नाहीत? काळा आणि एक रंग, बस. फोटो कंपनीतल्या फ्रान्सिस वुल्फने काढलेले असत. माइल्स त्यांना अशी कात्री लावी, की कधी कपाळ गायब, कधी नुसते हात आणि सॅक्सोफोन. वुल्फ वैतागायचा. आणि गंमत म्हणजे माइल्सला जॅझची फारशी आवड नव्हती, तो पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐके. दोन रंगांत किती करता येतं ते त्याच्याकडून शिका. कॉलेजात चार रंग आणि लाखो फॉन्ट हाताशी आहेत म्हणून सगळेच वापरायचे नसतात.

प्रश्न : बीटल्सच्या एका कव्हरवरून महात्मा गांधींना काढून टाकलं होतं असं ऐकतो. खरं की भाकड? — एक वाचक, डोंबिवली

खरं आहे. १९६७चं 'सार्जंट पेपर'. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या जोडप्याने माणसाएवढे पुठ्ठ्याचे कटआउट आणि मेणाचे पुतळे रांगांनी उभे केले, पुढे खरे बीटल्स, आणि मायकेल कूपरने फोटो घेतला. गांधीजींचं कटआउटही त्यात होतं. बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी हरकत घेतली, की हे भारतात खपवून घेतलं जाणार नाही. त्यांचा धंदा आपल्याकडे केवढा होता हे लक्षात घेतलं तर भीती समजते. गांधीजी गेले. योगानंद, युक्तेश्वर गिरी, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी मात्र राहिले. ते बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने सुचवलेले.

सगळे या गर्दीबद्दलच बोलतात. मला त्या कव्हराची पाठ जास्त महत्त्वाची वाटते. तिथे सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते. पॉप गाण्यांच्या रेकॉर्डवर तोवर असं कुणी करत नसे.

त्याच वर्षी उलट्या दिशेचाही एक प्रकार झाला. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 'अ‍ॅक्सिस' या रेकॉर्डच्या कव्हरसाठी लंडनमध्ये आपल्याकडच्या विश्वरूपाच्या बाजारू छापील चित्रावर तिघा वादकांचे चेहरे बसवले. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर थेट तिकडच्या रॅकवर. हेंड्रिक्स स्वतः खूश नव्हता. 'इंडियन' म्हणजे त्याला अमेरिकेतले मूळ रहिवासी अपेक्षित होते, त्याच्या आजीकडून ते रक्त आपल्यात आहे असं तो मानायचा.

प्रश्न : परदेशी कव्हरांच्या मानाने आपली कव्हरं अशी का? शास्त्रीय म्हटलं की बुवांचा फोटो, सिनेमा म्हटलं की डोक्यांची गर्दी. आणि मागचा मजकूर इंग्रजीत कशाला? — एक वाचक, ठाणे

'अशी का' यातला सूर कळला. पण शास्त्रीयच्या कव्हरावर बुवांचा फोटो नको तर काय हवं? घेणारा बुवांसाठीच घेत होता. आमीरखाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या रेकॉर्डवर चमत्कृती केली असती तर खप वाढला असता असं मला वाटत नाही. वेगळं काही करायचं तेव्हा लोकांनी केलंच. १९६७चं 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. संतूर, बासरी आणि गिटार घेऊन काश्मीरच्या दरीतला एक दिवस सांगायचा, ही कल्पना उभी राहिली ती एचएमव्हीत, म्हणजे त्याच कुत्रा छाप कंपनीत, आपले जी. एन. जोशी होते म्हणून. भावगीत गायचे तेच ते. तिथे रेकॉर्डला नुसतं रागाचं नाव न देता गोष्ट दिली.

इंग्रजीबद्दल माझा तर्क सांगते. लाँग प्लेइंग रेकॉर्ड महाग, ती घेणारं गिऱ्हाईक कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत पसरलेलं, आणि शास्त्रीयचं एकच कव्हर सगळीकडे चालवायचं. शिवाय परदेशी बाजार होता. अलीअकबर खाँसाहेबांची १९५५ची अमेरिकेतली एंजल कंपनीची रेकॉर्ड हिंदुस्थानी संगीताची पहिली एलपी (लाँग प्लेइंग) मानतात. तिच्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन सुरुवातीला बोलून ऐकणाऱ्याची तयारी करून घेतात. आलाप म्हणजे काय, तानपुरा कशाला, हे समजावणारा मजकूर पुढे आपल्याकडच्या कव्हरांच्या पाठीवरही मुक्कामाला आला. माहीमच्या माणसाला मारवा इंग्रजीतून समजावलेला पाहून मलाही हसू यायचं. पण तो मजकूर बहुधा जाणकाराकडून लिहून घेतलेला असे, आणि आजच्या मोबाइलवर तेवढंही मिळत नाही.

मराठी बघायची तर सात इंची ईपीची कव्हरं बघा. चार गाणी, एका बाजूला दोन. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग, लावण्या, सगळं यावर निघालं आणि इथे देवनागरी ऐटीत बसली. मोठ्या आकाराचे देवनागरी टाइप प्रेसमध्ये मोजकेच असायचे आणि दिसायला ठोकळेबाज, म्हणून शीर्षक आर्टिस्ट ब्रशने काढून आणायचा. एकेकाचा हात असा, की जोडाक्षरावरूनच नाव ओळखावं. बारीक मजकूर मात्र खिळ्यांनी जुळवून आर्ट पेपरवर प्रूफ काढायचं, ते ओळीओळीने कापायचं आणि रबर सोल्युशनने बोर्डावर चिकटवायचं. देवनागरीची मेख इथे. ओळी जवळ घ्यायला कागद काठोकाठ कापला की वरच्या वेलांटीचं टोक नाहीतर अनुस्वार कात्रीत जायचा. चिमट्याच्या टोकावर तो तिळाएवढा ठिपका उचलून पुन्हा बसवायचा, आणि कॅमेऱ्याखाली जाईपर्यंत कुणी शिंकायचं नाही! जुन्या ईपीच्या पाठीवर एखादा अनुस्वार किंचित वाकडा किंवा शिरोरेषेपासून उंच दिसला तर समजा, तो असा हाताने बसवलेला आहे.

राहिली सिनेमाची डोकी. सिनेमाच्या रेकॉर्डचं कव्हर बहुतेक वेळा जाहिरातीच्या साहित्यातून यायचं. पोस्टर रंगवणारे मोठमोठे कलावंत होते. 'दीवार'सारखी पोस्टरं करणारे दिवाकर करकरे आपलेच. पण पोस्टर उभं आणि कव्हर चौकोनी! उभ्या चित्रात वर नायकाचा रागीट चेहरा, मधे नायिका, खाली घोडे, मोटार, आग. ते चौकोनात बसवायचं म्हणजे खालचं सगळं कापा, नाहीतर डोकी वेगळी काढून शेजारी शेजारी मांडा. तुम्हाला दिसते ती गर्दी या कापाकापीची. आणि ती गिऱ्हाइकाला हवीही होती. पिक्चर थिएटरातून उतरल्यावर घरात ठेवायला त्याचा तेवढाच तुकडा मिळायचा. 'शोले'च्या वेळी तर पॉलिडोर कंपनीने गाण्यांबरोबर संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती तुफान चालली. लोक कव्हर हातात धरून गब्बर ऐकत बसत.

प्रश्न : कॅसेटच्या कव्हरांना कला का म्हणत नाहीत? — एक वाचक, नागपूर

जागा किती होती ते मोजा. साडेबारा इंचांचा चौकोन गेला आणि चार बाय अडीच इंचांची पट्टी हाती आली. त्यात नायक-नायिका, सिनेमाचं नाव, कंपनीचा शिक्का, किंमत, 'मूळ चित्रपटातून' आणि गाण्यांची यादी. शिवाय कॅसेट पुन्हा काउंटरच्या मागे काचेच्या कपाटात गेली आणि तिथून फक्त कणा दिसायचा. त्यामुळे आमचा निम्मा जीव त्या अर्ध्या इंचाच्या कण्यावरच्या अक्षरांत. कला म्हणा की म्हणू नका, लांबून वाचता येणारी ती अक्षरं बसवणं सोपं नव्हतं.

प्रश्न : पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, कडा उसवल्यात. काय करू? सेलोटेप लावली तर? — एक वाचक, रत्नागिरी

सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. उसवलेली कड गव्हाच्या किंवा मैद्याच्या पातळ खळीने आतून चिकटवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकाखाली दाबा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची प्रेसची जुनी रीत आहे, त्याने कसर लागत नाही. हातमोजे घाला आणि पोरांपासून लांब ठेवा.

बुरशी कोरडी असताना मऊ ब्रशने घराबाहेर झाडा, तोंडाला फडकं बांधून. समोरची बाजू लॅमिनेट केलेली असेल तर किंचित ओलसर फडकं चालतं. पाठीमागचा कागद बहुधा उघडा असतो, त्याला पाणी लावू नका. कोकणात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मागे चार बोटं जागा ठेवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक नाही. आडव्या थप्पीत तबकडीची कड कव्हरावर गोल पांढरा घासा पाडते आणि तो जात नाही.

थप्पीने काय होतं याचा नमुना हवा तर १९७१चं रोलिंग स्टोन्सचं 'स्टिकी फिंगर्स'. जीनच्या पँटचा फोटो, आणि त्याला खरीखुरी धातूची चेन लावलेली. कल्पना अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची. खोके भरून माल निघाला आणि चेनीने वरच्या रेकॉर्डला खड्डे पाडले. शेवटी कारखान्यात चेन अर्धी खाली ओढून माल भरायला लागले, म्हणजे तिचं टोक खाचांवर न येता मधल्या लेबलावर टेकेल. सुचवणाऱ्याचं नाव झालं आणि चेनी ओढत बसले ते पॅकिंगवाले.

प्रश्न : जुन्या बाजारात एका नामवंत गायकाची साठच्या दशकातली रेकॉर्ड 'ओरिजिनल' म्हणून भरपूर किमतीला दाखवली. आता नव्या छापाच्या रेकॉर्ड्सही येतात. कव्हरावरून फरक ओळखता येतो का? — एक वाचक, पुणे

बऱ्याचदा येतो. रेकॉर्ड्स पुन्हा खपायला लागल्यापासून जुनी कव्हरंही पुन्हा छापली जातात. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या, ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. नव्या छापात गैर काही नाही, फक्त तो जुना म्हणून विकू नये.

आधी पाठ बघा. बारकोड असेल तर साठच्या दशकाचा विषय तिथेच मिटला. त्या वेळच्या एचएमव्हीच्या कव्हरांवर कंपनीचं नाव 'द ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया (प्रायव्हेट) लिमिटेड' असं येतं. पुढे कंसातला शब्द गेला. ईसीएलपी हा क्रमांक मोनोचा, ईसीएसडी स्टिरिओचा. कव्हरावर एक आणि लेबलावर दुसरा असेल तर कुणीतरी दोन अर्धवट रेकॉर्ड्सची एक केली आहे. मग कडा. जुन्या बांधणीत समोरच्या चकचकीत कागदाच्या कडा मागे वळवून चिकटवलेल्या दिसतात, नखाला पायरी लागते.

आणि शेवटी भिंग. प्रेसमधलं दहापट दाखवणारं लूप असेल तर उत्तम, नाहीतर घड्याळजीचं चालेल. गायकाच्या गालावर टेकवा. छापील फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. मूळ कव्हरात चार रंगांचे ठिपके मिळून छोट्या फुलांसारखी नियमित नक्षी दिसते, आणि अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ असतात, कारण काळ्या अक्षरांत ठिपके नसतातच. नवं कव्हर जुन्याचा स्कॅन करून छापलं असेल तर जुन्या जाळीवर नवी जाळी चढते. गालावर, आकाशात, पडद्यावर रेशमी कापडाला पाणी मारल्यासारखे पट्टे दिसतात, आणि बारीक अक्षरंसुद्धा ठिपक्यांची झालेली असतात. छापलेली घडी, छापलेला शाईचा डाग असलेली कव्हरंही मी पाहिली आहेत. मूळ प्रतीवर कुणीतरी बॉलपेनने लिहिलेली किंमत स्कॅनमध्ये तशीच राहून हजार कव्हरांवर छापली जाते. बोट फिरवून बघा. खऱ्या बॉलपेनने कागद दबलेला असतो, छापलेल्या बॉलपेनने नाही.

विकणारा भिंग लावू देत नसेल तर त्या किमतीला घेऊ नका.